तुम्ही विचारलंत म्हणून: विकत मिळतं, मग विणतेस कशाला?

महाद्वार रोडवर स्पंजचा डोनट मिळतो, मग अंबाड्यात घालायची रिंग ही बाई घरी का विणत बसते? जावेनं विचारून झालं, ऑफिसात विचारून झालं. अष्टमीच्या रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा बघायला उभी होते, तर मागच्या अनोळखी बाईनं अंबाड्याला बोट लावून विचारलं. ‘स्पंजनं डोकं तापतं’ हे माझं ठरलेलं उत्तर. तापतंच. पण म्हणून विणत नाही.

टायफॉइड गेला आणि अडीच महिन्यांनी केस गळायला लागले. तापात नाही, चांगली हिंडायला-फिरायला लागल्यावर. डॉक्टर म्हणाले, मोठ्या तापानंतर असं होतं, परत येतील. आले, पण वेणी पहिल्यासारखी झाली नाही.

त्याच वर्षी चुलत दिराचं लग्न. बाजारचा काळा डोनट, त्यावर होते तेवढे केस ताणून पसरलेले, आणि बारा आकडे. अक्षता पडल्या. मी थोरल्या सासूबाईंच्या पाया पडायला वाकले आणि मानेवर एकदम काहीतरी सैल झालं. नायलॉनची गुळगुळीत जाळी ती, पातळ केसांत ठरतेय कशाला! घरंगळत पंगतीच्या टेबलाखाली गेली. एक पोरगं ती उंच धरून पळत आलं, ‘काकी, तुमचा अंबाडा पडला की!’

त्याचा काय दोष. हसणाऱ्या बायकांचाही नसेल. मीही हसले असते. माझ्या सासूबाई उठल्या, माझ्या डोक्यावर पदर ओढला, डोनट स्वतःच्या पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, ‘चल, मी येतो संगट.’ वरात निघेपर्यंत मी पदर काढला नाही. त्यांनी मला सांभाळलं की झाकून टाकलं, यावर माझं माझ्याशीच नऊ वर्षं भांडण चालू आहे. त्यांना विचारलेलं नाही.

लोकर केसांना धरून राहते. दहा नंबरच्या सुया, चोवीस टाके, एक ओळ सुलट, एक उलट, वीतभर. या विणीच्या बाजूच्या कडा आपोआप मागं वळतात. मफलर करताना याच खोडीनं जीव नको केला होता; इथं ती पट्टी स्वतःच गुंडाळी व्हायला बघते. टोकं शिवली की झाली रिंग.

आणि गुंडाळायच्या आधी आत मी फणीत निघालेले माझेच केस घालते. गल्लीत ‘केसांवर फुगे’ ओरडत माणूस येतो, सासूबाई त्यांचा पुंजका देऊन टाकतात. मी देत नाही. घाण वाटली ना? मलाही पहिल्यांदा वाटली होती. तेव्हाची मी म्हणायची, खोटा अंबाडा घालण्यापेक्षा सरळ कापून टाक. आता म्हणते, आतले केस माझे, मग खोटं काय? ती म्हणते, मग सांगत का नव्हतीस? यावर माझ्याकडे उत्तर नाही. केस कापलेही नाहीत; नवरात्रात शेवंतीचा गजरा मग कशात माळू?

तर, ऑर्डर घेत नाही. वीण शिकवीन, रविवारी दुपारी या, सुया आपापल्या आणा. आत काय भरायचं ते तुमचं तुम्ही बघा.