क्लिकचा भाव

"काऊन रे, काल एका क्लिकचे नऊ रुपये अन् आज दीड? पाहनारा तं तोच कास्तकार असंन ना?"

मोठे बाबा माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होते. कपाशीवरच्या माझ्या वेबसाइटला जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशांचा हिशेब उघडा होता. वाचक कालएवढेच, पैसे मात्र निम्म्याहून कमी.

मी सांगू लागलो. पान उघडलं की तिथल्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. बोली वाचक कुठला, विषय कोणता, कंपनीचं आजचं बजेट उरलं का, यावर ठरते. अमेरिकेतून कुणी वाचलं तर भाव चढतो, आपल्या तालुक्यातून वाचलं तर पडतो. दिवाळीला जोर, जानेवारीत मंदी.

शिवाय २०२४ पासून ॲडसेन्स, म्हणजे या जाहिराती लावणारी गूगलची सेवा, मुख्यतः क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर पैसे देतं. म्हणजे 'प्रति क्लिक' हा आता निव्वळ भागाकार: एकूण कमाई भागिले क्लिक. क्लिक चारच असतील तर एका महागड्या जाहिरातीनं आकडा उड्या मारणारच. आणि रोज दिसणारे हे आकडे अंदाजच. खोटे क्लिक वजा झाले की महिन्याचा खरा आकडा कळतो.

मोठ्या बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कापसाचा लिलाव तं हिंगणघाटलेही होते. पन तिथं बोली कानानं आयकू येते बाप्पा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी रोजचा आकडा सोडून महिन्याची बेरीज पाहतो.

शेतीवर लिहिणाऱ्यांनो, पेरणीआधी बियाण्या-खतांच्या जाहिरातींनी तुमच्याकडे दर चढतो का?