रांगोळीच्या डोळ्यांना न पटणारं कापड

वल्कलं म्हटलं की आपल्याला वनवासातले राम-सीता आठवतात, तेही टीव्हीवरचे. पण मला सध्या वेड लागलंय ते काँगोच्या इतुरी जंगलातल्या म्बुटी लोकांच्या वल्कलांचं, रात्री जेवणं झाली की सोफ्यावर लोळत त्यांचे फोटो झूम करत बसायचं हाच उद्योग.

काम वाटलेलं असतं. पुरुष झाडाची आतली साल सोलतात, भिजवतात आणि ठोकून ठोकून मऊ, रुंद करतात. झाडं बरीचशी फायकस, म्हणजे आपल्या वड-उंबराचे भाऊबंद (येऊरला गेलो की उंबराच्या खोडाकडे हल्ली उगाच संशयाने बघतो). रंगवायचं मात्र बायकांनी. गार्डेनियाच्या (आपल्या अनंताच्या भाऊबंदाच्या) फळाचा रस, त्यात कोळसा, झाला काळा रंग, मग काडीने नाहीतर बोटाने रेघा ओढायच्या. अशीच नक्षी त्या अंगावरही काढतात.

आणि ती नक्षी म्हणजे काय सांगू! चार रेघा समांतर निघतात, मधेच तुटतात, एक जाळी सुरू होते आणि अर्ध्यात थांबते, बाजूला नुसते ठिपके, मग मोठी कोरी जागा. आईला दाखवलं तर म्हणाली, "अरे, ही बाई मधेच उठून गेली वाटतं." तिचा हात ठिपक्यांच्या रांगोळीवर बसलेला, गुढीपाडव्याला गावदेवी मैदानातली रांगोळी बघतानाही ती आधी दोन्ही बाजू जुळतात का ते तपासते, तिला हे कसं पटणार.

मी म्हटलं, आई, त्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवून बघ, बाकीचं सगळं एकदम मेल्यासारखं दिसतं. शिवाय हे कमरेला गुंडाळायचं कापड, त्याला मध्य कुठला आणि कडा कुठल्या, भिंतीवर सपाट टांगलं ते म्युझियमवाल्यांनी. कधीकधी एकाच कापडावर दोघी मिळून रंगवतात. काही अभ्यासक याचा संबंध त्यांच्या गाण्याशीही जोडतात, अनेक गळे आणि प्रत्येकाची एन्ट्री वेगळी, ते मला जास्त पटतं. नाहीतर "हे बिबट्याचे ठिपके, ही वेल" असं एकेक ओळखत बसण्यात मजा नाही.

आपल्या वारलीत तारपा दिसतो, लग्नाचा चौक दिसतो, म्हणून ती ठाण्यातल्या भिंतींपासून मोबाईल कव्हरपर्यंत सगळीकडे गेली. याचं तसं होईलसं वाटत नाही, कारण प्रिंटवाल्याला रिपीट लागतो आणि यात तो सापडतच नाही.