आरांदासमधलं कपाट

मेक्सिकोतलं तेकिला म्हणजे आपण टकीला म्हणतो त्या दारूचं गाव; त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. शनिवारी गेलो, पिंपाच्या आकाराच्या गाड्यांमधून ओरडणारे पर्यटक, आणि एका दुकानात दीड-दोन वर्षं ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली ‘अन्येहो’ तेकिला लोक मीठ-लिंबासोबत एका घोटात रिचवताना पाहिले. राग आला. ज्या झाडाला पिकायलाच सहा-सात वर्षं लागतात त्याचा रस असा घशाखाली ढकलायचा? डोंगरउतारावरच्या निळसर आगाव्हेच्या रांगा मात्र विसरणार नाही. आपल्याकडे बांधावर घायपात उभं असतं ना, त्याचंच हे भावंड. या सगळ्या परिसराला 2006 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दुसऱ्या दिवशी बसने आरांदासला गेलो. हालिस्को राज्याचा हा उंचावरचा भाग, माती लालभडक. आम्ही उतरलो होतो त्या घरचे आजोबा तेकिला जमवतात हे कळलं, आणि पुढचे सगळे बेत मी रद्द केले.

त्यांचं कपाट म्हणजे साधी लाकडी फडताळं. हिऱ्यासारख्या पैलू पाडलेल्या बाटल्या नाहीत की चिनीमातीचे रंगीत बुधले नाहीत. आजोबा बाटली हातात देऊन आधी लेबलावरचा चार आकडी नोम क्रमांक वाचायला लावायचे. तो कारखान्याचा क्रमांक. तापातिओ आणि एल तेसोरो या दोन बाटल्या त्यांनी शेजारी ठेवल्या: नावं वेगळी, क्रमांक एकच, 1139. दोन्ही आरांदासजवळच्या ला अल्तेन्यामधल्या. हा कारखाना 1937 सालचा. जमवणारा माणूस नावाआधी हा आकडा बघतो, कारण नाव तेच राहून कारखाना बदलला की बाटलीतला मालही बदलतो.

मग एक जुनी अन्येहो काढली. बूच वाळलेलं, पातळी मानेखाली उतरलेली. ‘बाटलीत ती मुरत नाही, नुसती उडून जाते,’ असं आजोबा म्हणाले; सून इंग्रजीत सांगत होती. मुरणं काय ते पिंपात, आणि त्यावरूनच तेकिलाचे वर्ग पडतात: रेपोसादोला किमान दोन महिने, अन्येहोला एक वर्ष, एक्स्ट्रा अन्येहोला तीन. हा शेवटचा वर्ग 2006 मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या कितीतरी वर्षं मुरलेल्या बाटल्यांवरही नुसतं अन्येहोच लिहिलेलं असतं. जमवणारे त्या शोधत फिरतात.

आजोबांनी मात्र ती सरळ उघडली. मला अवघडल्यासारखं झालं. तशी बाटली पुन्हा मिळणार नव्हती. तीन निमुळते ग्लास, प्रत्येकात बोटभर. आधी व्हॅनिला आणि जळक्या लाकडाचा वास आला, कारण पिंपं बहुतेक अमेरिकेतून येतात, बर्बन ही तिकडची व्हिस्की काढून झालेली. बर्बनला कायद्याने नवंच पिंप लागतं, म्हणून वापरलेली इकडे पोचतात. दहा मिनिटं थांबलो आणि खालून भट्टीत भाजलेल्या आगाव्हेचा गोडसर, मातकट वास वर आला. आजोबा त्याचीच वाट बघत होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली, हे खरं नाही. तीन-चार वर्षांनंतर बरेचदा लाकूडच बोलतं, झाड गप्प होतं. त्यात एक टक्क्यापर्यंत कॅरमेल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक लेबलावर न लिहिता घालायची मुभा आहे. नुसत्या गडद रंगावर भाळून पैसे टाकू नका. ‘100% आगाव्हे’ लिहिलेलं नसेल तर बाटली उचलूच नका, कारण तिच्यात निम्म्याच्या जवळपास साखर दुसरीकडची असू शकते.

भारतात करमुक्त दोनच लिटर आणता येते. मी स्फटिकाच्या बाटलीतली महागडी एक्स्ट्रा अन्येहो सोडली आणि एकाच नोमच्या रेपोसादो आणि अन्येहो घेतल्या, शेजारी ठेवून चाखायला. दोन्ही उघडल्या आहेत. पुण्यात असाल तर लवकर या.