पवनी: न्यूयॉर्कला जाऊन आलेल्या खांबाचं गाव

नागपूरहून सकाळची एसटी धरली. उमरेड, मग मिरचीचं भिवापूर, मग भंडारा जिल्ह्यातलं पवनी. जगन्नाथ टेकडीकडे वळलो तेव्हा पारावरच्या आजोबांनी हटकलंच, "काय पाहाले आले बापा? दगडं त कवाच गेले दिल्लीले!"

खरंच आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं इथं खणलं, तेव्हा टेकडीच्या पोटात स्तूप निघाला. व्यास 38 मीटरच्या पुढे, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाहून थोडा जास्तच. इथल्या एका खांबावर मुचलिंद, म्हणजे पावसात बुद्धावर फणा धरणारा नागराजा, कोरलाय, फण्याखाली बुद्धाचं रिकामं आसन. तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमनं आरंभीच्या बौद्ध कलेचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिकडेही जाऊन आला. आपल्यापैकी किती जण दिल्लीला जाऊन आलेत?

असा दगड सातासमुद्रापार न्यायचा, तर पुरावस्तूंच्या 1972 च्या कायद्यानं केंद्र सरकारची परवानगी लागते. ते झालं की विमा. दोन हजार वर्षांच्या दगडाची किंमत धरून हप्ता काढला, तर मोठं संग्रहालयही मागे सरकतं. म्हणून अमेरिकेत 1975 पासून कायदाच आहे: मंजूर झालेल्या प्रदर्शनातल्या वस्तूला धक्का लागला, तर भरपाई सरकार देणार. ब्रिटननं 1980 पासून हेच केलं. तिजोरीतून आधी पैसा काढावा लागत नाही, नुसता शब्द द्यायचा. टेकडीवर उभं राहून मला हेच वाटत राहिलं, की असा शब्द दिल्ली ते पवनी या वाटेसाठीही कुणी द्यावा. महिनाभर का होईना, खांब घरी येईल.

जाणार असाल तर आधी नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, करा, पण सोमवारी नको, बंद असतो. पवनीचाच, रूपिअम्म या महाक्षत्रपाचा (ही शक राज्यकर्त्यांची पदवी) लेख कोरलेला खांब तिथं आहे. मुचलिंदाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, नाहीतर टेकडीवर नुसती माती आणि विटा दिसतील. आम्ही पाणी कमी नेलं आणि पस्तावलो. उन्हाळ्यात तर जाऊच नका. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारा; आमची हुकली. मग वैनगंगेच्या घाटावर दीड तास बसलो. त्याची तक्रार नाही.