लंडनचं पाणी आणि वाफेची इस्त्री

लंडनला नव्याने राहायला येणाऱ्यांना मी आवर्जून सांगते, वाफेच्या इस्त्रीत नुसतं नळाचं पाणी घालू नका. इथलं पाणी खडूच्या, चुनखडीच्या थरांतून मुरून येतं आणि चांगलंच जड असतं. किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो तो सगळ्यांना दिसतो. इस्त्रीच्या पोटातला दिसत नाही. मग ऐन ऑफिसच्या घाईत पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर तपकिरी ओघळ उतरतो, नाहीतर काळ्या पँटवर पांढरे पापुद्रे पडतात. ग्लासगोकरांना हा त्रास जवळपास नाही. त्यांच्याकडे १८५९ पासून लॉक कॅट्रिन या तलावाचं पाणी येतं आणि ते अगदी मऊ असतं.

कारण शाळेतल्या रसायनशास्त्राचंच. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे चिकटून बसतं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तिथेही हेच होणार, म्हणून हे तुमच्यासाठीही लिहितेय.

सेल्फ-क्लीनचं बटण असेल तर टाकी भरा, इस्त्री पूर्ण तापवा आणि प्लग काढा. मग ती सिंकवर आडवी धरून बटण दाबून ठेवा आणि हलवत राहा. आधी नुसती वाफ येते, मग गढूळ पाणी आणि त्याबरोबर अंड्याच्या टरफलासारखे बारीक कपचे. हात लांब ठेवा, पाणी उकळतं असतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. शेवटी जुन्या सुती फडक्यावर इस्त्री फिरवून घ्या. व्हिनेगर मात्र टाकीत ओतू नका. बऱ्याच इस्त्र्यांच्या माहितीपत्रकात तशी स्पष्ट मनाई असते.

बाहेरून तळाला चिकटतं ते वेगळं. इथे कोपऱ्यावर इस्त्रीवाला नाही आणि लाँड्रीत एकेका कपड्याचे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे गणपतीच्या आधी सुती साड्यांना खळ घालून घरीच परीटघडी करायची. खळ ओली राहिली की ती जळून तळाला तांबूस, चिकट थर बसतो आणि पुढची साडी ओढली जाते. इस्त्री गार झाली की खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून मऊ फडक्याने हलकेच चोळा, मग ओल्या फडक्याने नीट पुसा. वाफेच्या भोकांत सोडा गेला तर कान साफ करायची काडी ओली करून फिरवा. तारेची घासणी, सुरी यांना हात लावू नका. नॉनस्टिक थराला एकदा ओरखडा गेला की तिथेच पुन्हा सगळं चिकटतं. मीठ चोळायचा जुना उपायही अशा तळावर नको.

नायलॉनचा पदर वितळून बसला असेल तर सोड्याने निघत नाही. खिडकी उघडा, इस्त्री अगदी मंद तापवा, प्लग काढा आणि मऊ झालेलं प्लास्टिक लाकडी चमच्याच्या कडेने सरकवून काढा.

पाण्याचं म्हणाल तर इथे सुपरमार्केटात क्षार काढलेलं पाणी मिळतं, आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तसलंच. ते आणि नळाचं निम्मं-निम्मं मिसळा. निव्वळ डिस्टिल्ड पाणी काही इस्त्र्यांना चालत नाही, तेव्हा माहितीपत्रक बघा. आणि काम झालं की टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवू नका.