माणशी सव्वा लिटर

रविवार, रात्र

नववीचा वर्ग मिळावा म्हणून मी दरवर्षी मुख्याध्यापकांच्या मागे लागते. दहावीला बोर्डाचा धाक, आठवीची लेकरं अजून बुजलेली. नववीतलं पोर मात्र पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून प्रश्न विचारतं. त्या प्रश्नाला तेव्हा वर्गात जागा मिळाली, तर पुढं जन्मभर ते विचारायचं थांबत नाही.

आमच्याकडं, लातूर भागात, विज्ञानाच्या तासाला विहिरी मोजायचं काम चालतं. दोरीला दगड बांधून सोडायचा, पाण्याची पातळी वहीत लिहायची. पावसाळा संपताना एकदा, मग संक्रांतीला, मग होळीला. घरी आजोबा सांगतात, ‘आपली हीर सात परस,’ म्हणजे सात पुरुष खोल. पोरं मीटरमध्ये लिहितात आणि दोन्हीचा मेळ घालताना वर्गात भांडणं जुंपतात, कारण परस मोजायचा तो कोणत्या उंचीच्या पुरुषाचा? एकक ठरलेलं का असावं लागतं, हे मला पुस्तकातून कधी इतकं नीट शिकवता आलं नव्हतं. आपल्या काळ्या खडकात पाणी वरच्या मुरमात आणि फटींत साठतं, खाली घट्ट पाषाण असतो, म्हणून विहिरी होळीच्या आतच तळ गाठतात. हेही पोरांना स्वतःच्याच आकड्यांतून दिसतं.

२०१५ सालच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आईबापाबरोबर सांगलीकडं ऊसतोडीला गेली. हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजेरीच लागत होती. एका रात्री मुकादमाच्या फोनवरून तिचा आवाज आला. “मॅडम, इथंबी आपल्यासारखाच काळा खडक हाय. मग एवढ्या उसाला पाणी कुठून येतंय?” मला झोप लागली नाही. तोडणीवाल्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहणारं, पहाटे मोळ्या बांधणारं लेकरू अजून माझ्या तासाला बसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवून मी वर्गाला तोच प्रश्न घातला. ढग सह्याद्रीवर रिते होतात, ते पाणी कृष्णा-कोयनेला मिळतं, धरणात अडतं, आणि आपण पर्जन्यछायेत पडतो. पोरांनी नकाशा काढला. उत्तर तिला फोनवरूनच कळवलं.

मग २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती परतली होती. ज्या भागातला ऊस तोडून आली, त्याच भागातलं पाणी आता गाडीत बसून आपल्याकडं येत होतं. पहिल्या गाडीत पाण्याच्या दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, साधारण पाच लाख लिटर. लातूर शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढं. तिनं फळ्यावर भागाकार केला आणि म्हणाली, “मॅडम, माणशी सव्वा लिटरच्या वर थोडंसंच.” वर्ग गप्प झाला. त्यानंतर कोणीही शाळेच्या टाकीचा नळ उघडा सोडला नाही, आणि त्यासाठी मला एक सूचनाही द्यावी लागली नाही.

लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. सराव आणि चाचण्यांच्या जोरावर खेड्यातली पोरं डॉक्टर झाली, घरं वर आली. पण मराठवाड्याला शिक्षकाचा दुसराही वारसा आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत शिकवत होते. निजामाच्या राज्यात, जिथं सरकारी शिक्षण मुख्यतः उर्दूत होतं. विचारवंत नरहर कुरुंदकर महाविद्यालयात जाण्याआधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. एवढी मोठी माणसं हायस्कूलच्या पोरांपुढं उभी राहिली, आणि ते काम त्यांना लहान वाटलं नाही. वर्गात साठ-साठ पोरं, ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, अर्धा दिवस कागदात जातो. तरी एखाद्या पोराचा प्रश्न उद्यावर ढकलायचा नाही, एवढं मी मनाशी बांधलंय. उद्यापर्यंत तो त्याच्याकडं राहत नाही.

ती मुलगी बारावीच्या पुढं शिकू शकली नाही, याची खंत माझ्या मनातून जात नाही. हुशार होती. पण आज दुपारी तिचा सासरहून फोन आला. ग्रामसभेत नवीन बोअर पाडायचा ठराव आला, तेव्हा ही उठली आणि विचारलं, “आधीच्या बोअरला पाणी कितीवर हाय, कुणी मोजलंय का?” कुणीच मोजलेलं नव्हतं. आता मोजणीचं काम तिच्याकडंच आलंय, सोबत शाळेतली चार पोरं घेतलीत. “मॅडम, आपला तो तक्ता पाठवा की, रकाने नीट आठवना गेलेत.”

आत्ताच आखून, फोटो काढून पाठवला. तारीख, विहिरीचं नाव, पातळी, मोजणाऱ्याचं नाव. तिनं लगेच उलट विचारलंय, की बोअरमध्ये दगड अडकत असेल तर मोजायचं कसं? याचं उत्तर उद्या नववीकडूनच काढून घेते.