आमची वाटचाल: लॉन सोडलं तेव्हापासून

धुळ्यातली आमची रोपवाटिका उभी राहिली ती लिंबू, डाळिंब, शेवग्याच्या रोपांवर. शेतकरी हेच गिऱ्हाईक. पुढे शहराच्या कडेने प्लॉट पडले, बंगले झाले, तशी बागेची कामं येऊ लागली. सगळ्यांची मागणी एकच: "भाऊ, पुढे लॉन जोयजे."

लॉन आम्ही भरपूर लावलं. मग 2018 च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात बंगल्यांसमोर टँकर उभे राहिले. 1000 चौरस फूट लॉन आपल्याकडच्या मे महिन्यात दिवसाला 500 लिटर पाणी सहज पितं. खेड्यापाड्यांत बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना ते पाणी गवतावर सोडणं आम्हाला पटेना. लॉनची कामं घेणं बंद केलं. गिऱ्हाइकं तुटली, तुटू दिली.

आता आम्ही बोगनवेल, शंकासुर, देवचाफा, कोरफड, घायपात लावतो. दिवसभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला बोगनवेलच लागते. कण्हेरही काटक, पण विषारी. घरात रांगतं मूल असेल तर आम्ही ती देत नाही. मोठा प्लॉट असेल तर कोपऱ्यात अंजन सुचवतो. वाढायला वेळ घेतो, पण तो इथल्याच रानातला आहे.

मात्र नुसती झाडं निवडून भागत नाही. कमी पाण्यावरची झाडं आपल्याकडे उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त दगावतात. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि पावसात फुगून पाणी धरून ठेवते. चाफा, कोरफड, अडेनियम यांची मुळं त्यात कुजतात. म्हणून आधी वाफा जमिनीपासून वर उचलायचा, मातीत मुरूम, जाडी वाळू आणि जुनं शेणखत मिसळायचं, पाण्याला उतार द्यायचा. बजेटमध्ये पहिली काट या कामावर मारली जाते, आणि इथेच आम्ही अडून बसतो. खोडाभोवती आच्छादनाला कपाशीच्या बारीक केलेल्या पऱ्हाट्या वापरतो. त्या आपल्याकडे मुबलक मिळतात.

काटक झाडालाही मूळ धरेपर्यंत पाणी लागतंच. म्हणून लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करतो आणि पहिल्या उन्हाळ्यातली ठिबकची देखभाल कोटेशनमध्येच धरतो.